सिस्टरचा लाल पेन

पंधरा वर्षं मी सरकारी दवाखान्यात आया होते. असे किस्से शोधावे लागत नाहीत, वॉर्ड पुसताना पायात येतात. शिकले चौथी, पण छातीत दुखणाऱ्या पेशंटचा कायदा कमलसिस्टरनं पाठ करवला. त्याला पायी चालू द्यायचं नाही. कॉलबुकात वेळ टाकून डॉक्टरला बोलवायचं. वही मी डॉक्टरच्या क्वार्टरवर न्यायची, डॉक्टरनं वेळेसकट सही करायची.

"कोर्टात आपलं तोंड चालत नाही," सिस्टर म्हणायची, "हे पान बोलते."

*

अड्याळचा एक अडत्या. घामानं भिजलेला, तरी हट्ट, "गॅस हाय मले. घरी जातो."

"अंगठा द्या, मंग जा," सिस्टर म्हणाली.

समजावलं तरी जातो असं लिहून घेतलं. फाटकापाशीच पडला. उचलून आणला तेव्हा जीव नव्हता, अंगठ्यावरची शाई मात्र ओलीच होती.

*

महिन्याभरानं सानगडीची म्हातारी आली, तीही छाती धरून. लेक म्हणे, "सुई टोच ना बाई, पाहून काय राहिली?"

"डॉक्टरच्या हुकमाबिगर पाणीबी टोचत नाही मी," सिस्टर म्हणाली.

म्हातारी रिकाम्या खाटेकडे बोट करून म्हणाली, "थो मले बोलावून राहिला." नाव विचारलं तर अडत्याचं सांगितलं. ती कधी अड्याळला गेलेली नव्हती.

सिस्टरनं तेही लिहिलं. पेशंट बोलला ते लिहावंच लागतं.

*

मग तो रविवार. भर दुपारी कोंढ्याचे मास्तर आले, तेही छाती धरून. सिस्टरनं लाल पेनानं कॉल लिहिला, मी पळाले. डॉक्टर एकटेच राहत. खुर्चीत बसले होते.

"पेन दे."

सिस्टरचाच दिला. सही केली, वेळ टाकली, दोन दहा. "जा, येतो."

आले नाहीत. सिस्टरनं मास्तरांना जीपमध्ये घालून भंडाऱ्याला पाठवलं. ते वाटेतच गेले. मी पुन्हा क्वार्टरवर गेले, तर डॉक्टर खुर्चीतच, थंड. भंडाऱ्याहून आलेला डॉक्टर म्हणाला, "हे सकाळीच गेले. हार्ट."

मास्तरांच्या घरच्यांनी तक्रार केली, डॉक्टरला कळवलंच नाही म्हणून. सिस्टरची नोकरी टांगणीला लागली. चौकशीचे साहेब वही चाळत म्हणाले, "मेलेल्या माणसाले कॉल देता काय हो, बाई? सही कोणी केली?"

जुन्या सह्यांशी ताडून पाहिली. अक्षर डॉक्टरचंच निघालं.

साहेब माझ्याकडे वळले. "पेन तू देला ना? मंग परत कसा आला?"

"मीच काढला साहेब, त्यायच्या मुठीतून. बोटं आखडली होती. एकेक करून सोडवा लागली."