साडूंची कात्री

समोरच्याचं बोलणं मधेच कापायचा जन्मसिद्ध हक्क साऱ्या वर्धा जिल्ह्यात फक्त माझ्या थोरल्या साडूंना मिळाला होता. केबलवरच्या आमच्या लहानशा बातम्यांच्या चॅनेलात ते व्हिडिओ एडिटर होते आणि मी वार्ताहर. दिवसभर कात्री चालवून ती त्यांच्या अंगातच भिनली होती. घरी आलेला पाहुणा गुडघेदुखी सांगू लागला की पहिल्या वाक्याला साडू डोळे मिटत आणि म्हणत, "समजलं. पुढं?" पाहुण्याला वाटे, यांना झोप आली. खरं तर उरलेला पाहुणा तोवर कापला गेलेला असे.

एका चुलत मेहुणीच्या लग्नाची फिल्म त्यांनी हौसेनं करून दिली. हातातला चहा निवायच्या आत ती संपली. पंगती गेल्या, आहेर गेले, आणि ज्यांनी हे लग्न जुळवलं ते नवरदेवाचे मामा तर औषधालाही उरले नाहीत. राहिला कोण, तर मांडवाच्या खांबाला टेकून एकटाच सुपारी चघळणारा नवरीचा बाप. मामा अजूनही आमच्याकडे पाणी पीत नाहीत. पुढे एका पुढाऱ्याच्या सत्काराचं भाषण साडूंनी असं आवळलं, की पडद्यावर पुढारी उठले, पाणी प्याले आणि बसले. "अहो, भाषण कुठाय?" चॅनेलच्या मालकांनी विचारलं. "त्याच्यात जेवढं होतं तेवढं ठेवलं जी," साडू शांतपणे म्हणाले. त्या पुढाऱ्याच्या जाहिराती आमच्याकडे पुन्हा कधी आल्या नाहीत.

मी हे सगळं अंतर ठेवून, मजेत पाहत असे. पण एका उन्हाळ्यात हिंगणघाटला भरदुपारी एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली, तेव्हा पाळी माझ्यावर आली. कॅमेरावाल्याला घेऊन मी धावलो. ज्वाळा टिपल्या, धूर टिपला, ज्वाळांसमोर उभं राहून 'अग्नितांडव' हा शब्द मिळेल तिथे घातला. परत येऊन साडूंच्या शेजारी बसलो, तर त्यांनी आधी मलाच कापलं.

"भाऊजी, मी कुठाय?"

"आग दिसून राह्यली ना? मंग तू काऊन सांगून राह्यला?"

मालकांनी पाठवलेलं ढणढण संगीतही त्यांनी काढून टाकलं. ज्वाळा सुरुवातीला एकदाच ठेवल्या. मग कॅमेरावाल्यानं सहज, दम खाताना टिपलेली एक बाई त्यांना सापडली. तिचा नवरा आत कामाला होता. फाटकापाशी पदराचं टोक दातांत धरून ती उभी होती. आतून एकेक माणूस बाहेर येत होता. ती प्रत्येकाचा चेहरा बघे आणि पुन्हा फाटकाकडे नजर लावी. एरवी कोणाचं एक वाक्य पुरतं ऐकून न घेणाऱ्या साडूंनी तिथे कात्री लावलीच नाही. शब्द नाही, संगीत नाही, नुसता बंबाचा घरघराट. बघताना माझाच जीव टांगणीला लागला. अखेर काजळीनं माखलेला एक माणूस बाहेर आला. ती तरातरा गेली, त्याच्या खांद्यावर एक बुक्की मारली आणि ओरडली, "डबा कुठी हाये?" तिथे बातमी संपली.

मालक पाहून लालबुंद झाले. "अहो, आग कुठाय? दुपारपासून मुंबईचे सगळे चॅनेलवाले आग दाखवताहेत!"

"म्हनूनच जी. आग सगळ्यांपाशी हाये, बाई आपल्याचपाशी हाये."

"बदला हे."

साडू खुर्चीवरून उठले. वय पन्नाशीपलीकडे गेलेलं, आणि गावात दुसरं चॅनेल नव्हतं. तरी ते म्हणाले, "बदलाचं असन त दुसरा मानूस बसवा. मी घरी चाललो." पण बातम्यांची वेळ झाली होती आणि एडिटिंगचं यंत्र दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हतं. बातमी तशीच गेली.

ती संपते न संपते तोच ऑफिसचा फोन वाजू लागला. किती कापूस जळला, हे कोणीच विचारलं नाही. "त्या बाईचा नवरा भाजला त नाई ना?" एवढंच सगळ्यांना हवं होतं. एक आजीबाई म्हणाल्या, "डबा सापडला का नाई, तेवढं सांगजा बाप्पा." फोन मालकच घेत होते. आधी तुसडेपणानं, मग हळूहळू मऊ आवाजात, "हो जी, बरा आहे तो," असं घरच्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगू लागले. साडूंना त्यांनी शाबासकी दिली नाही. घरी जा असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

आता ते चॅनेल बंद झालंय. लोक बातम्या मोबाईलवर पाहतात. मी नोकरीसाठी नागपूरला आलो. साडू वर्ध्यालाच आहेत. मधूनमधून मी भेटून येतो. परतताना ते एसटी स्टँडवर सोडायला येतात. "पोचला की फोन करजो," एवढंच म्हणतात. बस सुटते, बाकीचे पोचवायला आलेले लोक पाठ फिरवून निघून जातात. साडू मात्र हात न हलवता तिथेच उभे असतात. पूर्वी मी खिडकीतून त्यांना 'जा आता' अशी खूण करायचो. आता करत नाही. बस वळेपर्यंत मीही नुसता त्यांच्याकडे पाहत राहतो.