काचेतली पाहुणी

ऐंशी सालानंतर आम्ही गंगापूर रोडकडे छोटंसं घर बांधलं, तेव्हा दिवाणखान्याला काचेचं सरकतं दार हवं, हा हट्ट आमच्या यांचा. सातपूरच्या कारखान्यात ते नोकरीला होते आणि तिथल्या साहेबांच्या बंगल्यात तसलं दार पाहून आले होते. आठ फूट रुंद, जवळजवळ छताला टेकलेलं. दुपारी घर तापायचं आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण आमच्याकडे आज भाजी काय आहे ते बघून जायचा. मी कुरकुर केली की हे म्हणायचे, "होईल सवय."

सवय कसली होतेय! पण खरी पंचाईत झाली ती आई आल्यावर. वडील गेले आणि ती मनमाडहून आमच्याकडे राहायला आली. तेव्हाच ती विसरायला लागली होती. आधी वार, मग नातवंडांची नावं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं, आणि टॉनिक लिहून दिलं.

दिवे लागले की बाहेर अंधार आणि काचेचा आरसा व्हायचा. एका संध्याकाळी मी आईला जेवायला वाढलं आणि पाणी घेऊन आले, तर ती ताट हातात धरून त्या दारापाशी उभी.

"अगं, या बाई कधीच्या उभ्यात. बसा तरी म्हण त्यांना."

काचेत तीच दिसत होती. मला हसू आलं. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

आईने ताट पुढे केलं. काचेतल्या बाईनेही केलं. "अहो, मला कसला आग्रह करता? पाहुण्या तुम्ही," आई म्हणाली.

मनमाडला वडील रेल्वेत होते. गाडी चुकलेल्या अनोळखी माणसालाही ते घरी घेऊन यायचे आणि आई आधी त्याला वाढायची. दारात कुणी उपाशी उभं असताना आपण जेवायचं नाही, एवढं एकच ती विसरली नव्हती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाकघरात बसवलं तर ताट घेऊन उठून यायची. लवकर वाढलं तर म्हणायची, देवापुढे दिवा लागल्याशिवाय काय जेवायचं? दुपारी मी शाळेत शिकवायला जायचे, तेव्हा झाकून ठेवलेलं ती विसरायची आणि ते तसंच राहायचं. महिन्याभरात तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर माझी आई उपाशी राहत होती.

काच झाकायलाच हवी होती. यांनी बांबूची चिक आणली आणि ऊन अडवायला लावतात तशी बाहेरून टांगली. त्याने काच आणखी काळी झाली आणि बाई आणखी ठळक दिसायला लागली. "एवढी यंत्रं सांभाळता आणि हे कळू नये?" मी यांच्यावर ओरडले. मग मेन रोडवरून जाड कापड आणून मीच आतून पडदा शिवला. तो दाराच्या रुळात अडकायचा, आणि आई कडेने उचलून बघायची. "आहेत अजून." मी पडद्याला पिना लावल्या. त्या तिने एकेक करून काढल्या आणि माझ्याकडे वळली. "पाहुणीच्या तोंडावर पडदा लावतेस? हेच शिकवलं का मी तुला?"

मी मोरीत जाऊन रडले.

शेवटी यांनी मुंबईहून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा पडदा मागवला. दोरी ओढली की पट्ट्या एकमेकींवर बसायच्या आणि खालची पट्टी दोन्हीकडे आकड्यात अडकायची. तो उचलता येत नव्हता. तेव्हाची ती अगदी नवी टूम होती, शेजारपाजारचे बघायला आले.

त्या संध्याकाळी आईने पट्ट्यांवरून तळवा फिरवला. कुणी दिसेना. ती टेबलाशी येऊन बसली. मी मुगाची खिचडी वाढली, वर तूप घातलं आणि समोर बसले. आता जेवेल, या विचाराने माझा जीव भांड्यात पडला होता.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.

"आधी तुम्ही घ्या, बाई. लांबून आलेल्या दिसता."

"आई, मी आहे गं."

"असू द्या हो. संकोच करू नका. आपलंच घर समजा."

झाकायला आता काही उरलं नव्हतं. मी चार घास खाल्ले. मग आईने ताट पुढे ओढलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. पुढचं दीड वर्ष, ती असेपर्यंत, मी रोज संध्याकाळी तिची पाहुणी होऊन आधी जेवत राहिले.