मावशींचा परीक्षेतला गुडघा

आमच्या फिजिओथेरपी विभागात झाडलोट करणाऱ्या मावशींचा डावा गुडघा बावीस वर्षं दुखत होता, तोही फक्त परीक्षेच्या दिवशी. विद्यार्थ्यांना तपासायला खोटा रुग्ण लागतो, आणि मावशींसारखं कण्हणं कोणालाच जमायचं नाही. परीक्षा घेणाऱ्या मॅडम सकाळी चिठ्ठीवर दुखणं लिहून द्यायच्या, तिखटमीठ मावशींचं.

शिकायचं जोडीने. एकीने तपासायचं, दुसरीने बघून वहीत टिपायचं, मार्क दोघींना मिळून एकच. त्यात मावशी आपली काडी टाकायच्या. एकीला सांगायच्या, जिना उतरताना दुखतं. दुसरीला हळूच, चढताना. ज्या जोडीचं आपसात बोलणं नसे, ती तिथेच तोंडघशी पडायची. मावशी पुसायच्या फडक्याआड हसायच्या.

माझी जोडीदारीण म्हणजे कासव. चार वाक्यांच्या जागी एक बोलणार, तेही दुसऱ्या दिवशी. तिच्या वाटचं मीच बोलायचे. शेवटच्या परीक्षेत नापास झालो तर दोघींचं वर्ष जाणार होतं, पण मी गुडघा असा काही तपासला की फक्त हार घालायचा बाकी होता.

"तुला काही सांगायचंय?" मॅडमनी कासवाला विचारलं.

"मावशींनी मघाशी केसांचा चिमटा डाव्या हाताने लावला," कासव म्हणालं. "मान वाकवून. त्यांचा उजवा खांदा वर जात नाहीये."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"चिठ्ठीत खांदा नाही," मॅडम म्हणाल्या.

"काहीतरीच! ठणठणीत आहे मी," मावशी फणकारल्या.

गेलं वर्ष! मी कासवावर डोळे वटारले. ते हललं नाही. "मावशी, उजवा हात वर करा बघू."

हात खांद्यापर्यंत आला आणि अडला. मावशी कण्हल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून बसल्या.

"किती दिवस झाले?" मॅडमनी विचारलं.

"चार महिने."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर या परीक्षेच्या कॉटवरून उतरवलं असतंत. 'मावशी, कुठे दुखतं?' असं मला या कॉटवरच विचारतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने वरच्या फळीवरच्या उशा मी त्यांनाच काढायला लावत होते, आणि त्या दर वेळी स्टूल का ओढतात, हा प्रश्न मला पडला नव्हता.

मॅडमनी चिठ्ठीतला गुडघा खोडून खांदा लिहिला आणि मावशींना उपचारासाठी आमच्याच हवाली केलं. पास झालो, कासवाच्या जिवावर.

काही महिन्यांनी मावशी मला म्हणाल्या, "झाला गं बरा, आता नको येऊस." कासवाला हळूच म्हणाल्या, "अजून जरा धरतो." आम्ही वह्या ताडून पाहिल्या. हात पार कानाला टेकत होता. तरी आम्ही आणखी महिनाभर गेलो आणि आळीपाळीने विचारलं, "मावशी, आज कुठे दुखतं?"

त्या रोज नवी जागा सांगायच्या.