सर्जेराव आणि सतरा किलोचा कटला

रज्जाकभाईचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो. रज्जाकभाई म्हणजे आयुष्यभर वेल्डिंगच्या दुकानात, ग्राइंडरच्या आवाजात बोललेला माणूस. त्याला हळू बोलता येत नाही. त्या दिवशी मात्र तो इतका हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. "गुरुजी, सर्जेराव गेला." एवढंच. आदल्या दुपारी जेवून बाजेवर पडले ते उठलेच नाहीत. चहाला उठवायला गेलेल्या सुनेच्या लक्षात आलं... मी फोन ठेवला आणि मला आधी काय आठवलं असेल, तर त्यांचं भांडण. पाण्याच्या काठावर उभं राहून माझ्याशी मोठमोठ्यानं घातलेलं, मासे पळून जातील याची जराही पर्वा न करता घातलेलं भांडण.

आता दीड महिना झाला. रडून झालं. म्हणून आता जे सांगायचं आहे ते सांगतो, आणि ते रडण्यासारखं नाही.

मी वडगाव निंबाळकरला शाळेत शिक्षक होतो आणि सर्जेराव कोऱ्हाळ्याचे. त्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी जमीन धरली आणि सर्जेरावांच्या काळात तिथं ऊस उभा राहिला, गोठ्यात चार जर्सी गाई आल्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, तेवढ्यावरून ओळख, पुढं मैत्री. मला गळाचा नाद. दर रविवारी मी आणि रज्जाकभाई मोटारसायकलीला काठ्या बांधून बारामतीवरून भिगवणकडं, नाहीतर आणखी पुढं इंदापूरच्या वाटेवर, पळसदेवच्या अंगाला धरणाच्या फुगवट्यावर जायचो. संध्याकाळी उन्हानं तोंडं काळी करून चार-पाच चिलाप्या घेऊन परत. सर्जेरावांना याचं भारी हसू यायचं. "गुरुजी, दिसभर पान्याकडं बघत बसायचं आन् घरी येताना वंजळभर मासं आनायचं. त्यापरीस एक म्हस पाळा की. ती निदान रोज दूध तरी दील." शांत बसणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. उभं राहून जेवणारा माणूस तो.

नव्वद सालाच्या पुढची, एका उन्हाळ्यातली गोष्ट. कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण अडकली आणि तेवढ्यात लाईट गेली. सर्जेरावांनी अडकलेली ताटं ओढायला उजवा हात आत घातला. बटण बंद करायचं राहिलं... आणि लाईट आली. पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर होते. परत आले तेव्हा उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांवर संपत होता.

त्यानंतरचे सर्जेराव मी ओळखलेच नसते. माणूस घराबाहेर पडेना. गोठ्यात जाईना. यंत्रावर कुणीतरी गोणपाट टाकलं होतं, ते तसंच राहिलं. वैरण कोयत्यानं तोडायचं काम हिराबाई वहिनींच्या अंगावर पडलं. पारावरची माणसं भेटायला यायची, "बिचारा" म्हणायची आणि जायची. त्या एका शब्दानं हात तुटण्यापेक्षा जास्त नुकसान केलं असं मला वाटतं. वर्ष उलटलं तेव्हा एका शनिवारी वहिनी शाळेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "गुरुजी, तुमी उद्या जाताय न्हवं मासं धरायला? ह्यास्नी पन न्या. मासा न्हाय घावला तरी चालंल. ह्यास्नी पार भिंतीकडं तोंड करून झोपायची सवं लागलीया."

सर्जेराव आले ते गाडीवर बसवून आणलेल्या पोत्यासारखे आले. पहिला रविवार एक शब्द बोलले नाहीत. दुसराही तसाच. तिसऱ्या रविवारी रज्जाकभाईनं विचारलंच नाही, सरळ एक मोकळी दोरी काढली, तिला शिसं आणि गळ लावला आणि तिचं दुसरं टोक सर्जेरावांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं. "बसलाच हायस तर राखन कर," म्हणाला. सर्जेराव रागानं बघत राहिले. पण अंगठा सोडवायला वाकले नाहीत. अर्ध्या तासानं पायाला हिसका बसला आणि त्यांच्या तोंडून "आरं तिच्या!" असा जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या होडीतला माणूस उठून उभा राहिला. वीतभर चिलापी होती. डाव्या हातानं दोरी ओढायची, उजव्या कोपराला गुंडाळायची, पुन्हा ओढायची, असं करत त्यांनी ती काठावर आणली. मग तिच्याकडं बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "पुन्हा टाका."

"आमी न्हाय टाकनार," रज्जाकभाई म्हणाला. "तू टाक."

ते म्हणताना त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण सर्जेरावांनी दोरीचं शिशाचं टोक डाव्या हातात धरून डोक्याभोवती गरागरा फिरवायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं. गोफण! मेंढक्याच्या घरातला माणूस. उजव्या हाताची त्यांची गोफण कोऱ्हाळ्यात नावाजलेली होती. डावा हात मात्र कच्चा. पहिलं शिसं मागच्या वेड्या बाभळीत गेलं, दुसऱ्यानं रज्जाकभाईची टोपी उडवली. आम्ही दोघं जमिनीवर आडवे झालो. त्या दिवशी किती वेळा टाकलं असेल याचा हिशोब नाही, पण ऊन उतरता उतरता त्यांचं शिसं आमच्या पुण्याहून आणलेल्या काठ्यांनी पडायचं त्याच्या दुप्पट लांब जाऊन पडलं. सर्जेराव वळले, आमच्याकडं पाहिलं आणि वर्षभरानं पहिल्यांदा भांडले. "तुमास्नी शिकीवलं कुनी मासं धरायला? म्होरं खोल पानी हाय आन् तुमी हितं चिखलात गळ टाकून बसताय!"

तिथून पुढं आमचा रविवार आमचा राहिला नाही. कुठं बसायचं, पेंडीच्या गोळ्यात कणीक किती मिसळायची, सगळं सर्जेराव ठरवणार. दोरीवर त्यांचं समाधान होईना, त्यांना रीळ लावलेली काठी हवी झाली. मग रज्जाकभाईनं दुकानात बसून एक साज तयार केला. इंजिनाच्या जुन्या पट्ट्याचा कंबरपट्टा, त्याला पुढं पाइपाचा तुकडा. काठीचा बुडखा त्या पाइपात बसायचा. उजव्या हाताचं उरलेलं टोक कातडी पट्ट्यानं काठीला बांधायचं आणि डावा हात रीळ फिरवायला मोकळा. चार वेळा तो साज मोडला, पाचव्यांदा टिकला. काठीच्या शेंड्याला सर्जेरावांनी कोकराच्या गळ्यातलं जुनं घुंगरू बांधलं. मासा लागला की ते वाजायचं.

आणि मग तो एप्रिल. पाणी खूप मागं हटलं होतं, काठाचा चिखल वाळून भेगाळला होता. दुपारी आम्ही भाकरी सोडून बसतोय तोच घुंगरू वाजलं. वाजलं म्हणजे किणकिणलं नाही, थडाथडा वाजलं, आणि रीळ किंचाळायला लागलं. सर्जेराव धावले, काठी पट्ट्यात बसवली, मी घाईघाईनं कातडी पट्टा आवळला. दोरी सुटत होती, सुटतच होती. लांब पाण्यात एकदा भलीमोठी रुंद पाठ वर आली आणि गेली. "कटला!" रज्जाकभाई ओरडला. "ढील दे, ढील दे! तोडंल!"

पुढचा पाऊण तास मी कधी विसरणार नाही. मासा आत पळायचा, सर्जेराव गुडघ्याएवढ्या पाण्यात ओढले जायचे. मासा थांबला की ते डाव्या हातानं रीळ फिरवत एक-एक पाऊल मागं घ्यायचे, की पुन्हा तो पळायचा. त्यांची मान घामानं भिजली, सदरा पाठीला चिकटला. मग माझं लक्ष गेलं ते पट्ट्याखालून आलेल्या रक्ताकडं. हाताच्या टोकाची कातडी सोलवटली होती. मला राहवलं नाही. काठी धरायला मी हात पुढं केला.

"गुरुजी!" सर्जेरावांचा आवाज असा आला की माझा हात जागीच थांबला. "हात लावचाल तर पान्यात ढकलून दीन. सांगून ठिवतो."

"अहो, रक्त येतंय..."

"यिऊ द्या. माजं हाय."

मी मागं सरलो. आज मागं वळून पाहताना वाटतं, शिक्षक म्हणून मी इतक्या जणांना इतकं काय काय शिकवलं, पण हात मागं घेणं हे त्या दिवशी मी शिकलो. शेवटी मासा दमला. काठापासून दहा-बारा हातांवर येऊन आडवा झाला. रज्जाकभाई कडीचं जाळं घेऊन छातीएवढ्या पाण्यात शिरला, पण कडीत माशाचं नुसतं डोकंच मावेना. तेव्हा त्यानं जाळं फेकलं आणि दोन्ही हातांनी माशाला मिठी मारली. मासा आणि रज्जाकभाई असे दोघं लोळत, शेपटीचे फटके खात काठाला आले. सर्जेराव चिखलात मटकन बसले. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी, आणि तशातही म्हणतात काय... "बघा गुरुजी. दोन हातवाल्याला कवळ घालावी लागतीया. म्या एका हातानं आनला."

भिगवणात एका ओळखीच्या दुकानातल्या धान्याच्या काट्यावर आम्ही तो ठेवला. सतरा किलो. बाजाराला आलेली माणसं गोळा झाली. मासेमारीवर जन्म गेलेला एक म्हातारा पुढं आला, त्यानं माशाच्या तोंडातला गळ पाहिला, मग सर्जेरावांचा हात पाहिला आणि स्वतःच्या डोक्याचं मुंडासं काढून त्यांच्या त्या रक्ताळलेल्या हाताला गुंडाळलं. परतीच्या वाटेवर मी गाडी चालवतोय, मागं सर्जेराव, आमच्या दोघांच्या मध्ये ओल्या पोत्यात मासा; रज्जाकभाई काठ्या घेऊन एसटीनं मागून येणार. बारामतीत लोक थांबून बघत होते. कोऱ्हाळ्यात शिरल्यावर मी घराकडं वळणार तोच सर्जेरावांनी पाठीत कोपर मारलं. "पारावरनं घ्या."

पारावर नेहमीची मंडळी होती. सर्जेराव उतरले, पोत्याकडं बोट केलं आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जरा उतरा की दोघं-तिघं. मला एकच हात हाय." तिघं पुढं आले आणि तो बुळबुळीत मासा उचलताना तिघांची त्रेधा उडाली. त्या दिवसानंतर त्या पारावर "बिचारा" हा शब्द पुन्हा कुणी काढल्याचं मी ऐकलं नाही. दिवस मावळायच्या आत वहिनींच्या चुलीवर दोन पातेली चढली आणि सगळी आळी जेवली. वहिनी वाढताना सारख्या हसत होत्या, मध्येच पदरानं डोळे पुसत होत्या आणि कांद्याला नावं ठेवत होत्या.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली. ती मी पाहिली नाही, वहिनींनी सांगितली. सकाळी त्यांना यंत्राचा आवाज आला. त्या हातातलं टाकून गोठ्याकडं पळाल्या. गोणपाट बाजूला पडलं होतं आणि सर्जेराव डाव्या हातानं, एका लाकडी दांडक्यानं वैरण पुढं सारत कुट्टी करत उभे होते. वहिनी ओरडल्या. सर्जेरावांनी आधी बटण बंद केलं, ते बंद झालंय याची खात्री केली आणि मग म्हणाले, "का वरडती? त्येनं माजा एक हात घेतलाय, माजं समदं घर न्हाय घेतलं." आठवड्याभरात रज्जाकभाईकडून यंत्राच्या तोंडाला पत्र्याची लांब नळी बसवून घेतली, हात आत पोचूच नये अशी. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत कोऱ्हाळ्यात आणि लोणी भापकरला पुष्कळ गोठ्यांत तशी नळी दिसायला लागली. बघायला येईल त्याला सर्जेराव स्वतः दाखवायचे, उजवा हात वर करून. "ह्यो हात बघा आन् बसवा," म्हणायचे.

पुढं कितीतरी वर्षं आमचे रविवार चालले. मी निवृत्त झालो, रज्जाकभाईचे गुडघे गेले, सर्जेराव नातवंडांचे आबा झाले, तरी भांडणं तशीच. मोठे मासे अनेक आले, हुकलेले त्याहून जास्त. माझ्याही गळाला एकदा एक कटला लागला होता. असा तसा नव्हे. काठाजवळ येऊन उलटला तेव्हा मी तो डोळ्यांनी पाहिला. दोरी तुटली आणि गेला. त्या वेळी हे दोघं चहा आणायला गेले होते, त्यामुळं साक्षीदार कुणी नाही. मी हात पसरून सांगायचो, एवढा होता. सर्जेरावांनी ते कधी मानलं नाही. चारचौघांत म्हणायचे, "गुरुजींचा मासा दरसाल ईतभर वाढतोया. पान्यात न्हाय, त्येंच्या हातात."

दहाव्याला गेलो होतो तेव्हा गर्दीत बोलणं झालं नाही. म्हणून परवा मी आणि रज्जाकभाई निवांत गेलो. वहिनी म्हणाल्या, "कडब्याची खोली बघितली का तुमी? कडबा संपला, भित मोकळी झाली." आम्ही आत गेलो. समोरच्या भिंतीवर कोळशानं काढलेले मासे होते. एकावर एक, डावीकडून उजवीकडं, खऱ्या मापाचे. वहिनींनी सांगितलं, घरी आणलेला प्रत्येक मोठा मासा ते सुतळीनं मोजायचे आणि उन्हाळ्यात खोली रिकामी झाली की भिंतीवर काढायचे. सुरुवातीचे मासे वेडेवाकडे, पोरानं काढल्यासारखे. खाली लिहिलेलं माशाचं नावही धड लागत नाही. पुढं पुढं रेघ सरळ होत गेलेली, अक्षर ओळखू यायला लागलेलं, आणि तो सतरा किलोचा कटला तर खवल्यांसकट काढलेला. रज्जाकभाई एकेका माशाला बोट लावत होता आणि मोठ्यानं, अगदी पूर्वीच्या आवाजात, तो कुठं लागला ते सांगत होता.

दाराच्या वरच्या बाजूला एक मासा एकटाच होता. सगळ्यांत मोठा. खाली डाव्या हाताच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "गुरुजींचा. सुटला. खरा हुता."

मी दाराच्या उंबऱ्यावर चढलो आणि दोन्ही हात पसरून तो मोजला. मी सांगायचो त्याहून बोटभर मोठाच होता.