दार वाजवायला गेलेल्या बायका

कळव्याच्या खाडीकाठी एक जुनं कोळ्यांचं गाव आहे. आता त्याला चाळींनी आणि टॉवरांनी तिन्ही बाजूंनी घेरलंय, चौथ्या बाजूला तिवरं आहेत. त्या गावात मी नऊ वर्षं काम केलं. संस्थेच्या कागदांवर माझं पद 'समुदाय संघटक' असं होतं, पण गावात सगळ्या मला मीटिंगवाली बाई म्हणायच्या. मी डोंबिवलीहून जायचे. दर बुधवारी दुपारी अंगणवाडीच्या खोलीत बायकांचा गट बसायचा आणि रविवारी सकाळी माझा एक सहकारी पुरुषांना जमवायचा. दोन्हीकडे बोलायचं ते घरातल्या मारहाणीबद्दल आणि एचआयव्हीबद्दल.

हे दोन विषय एकत्र कसे, असं नातेवाईक मला विचारायचे. जी बाई नवऱ्याला नाही म्हणू शकत नाही, ती निरोध वापर असं कुठून म्हणणार, हे मी सुरुवातीला नीट समजावून सांगायचे. आणि रिपोर्ट आधी बाईचा आला की आजार तिनंच आणला असं घरात ठरतं, हेही सांगायचे. नंतर नंतर कंटाळा आला. 'बायकांच्या आरोग्याचं काम करते' एवढं म्हणून मी चहा प्यायचे.

संस्थेनं दिलेल्या पुस्तिकेत मारहाण थांबवण्यासाठी बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या होत्या. हेल्पलाइनला फोन करा, पोलिसांत जा, वगैरे. गटातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की पोलीस येऊन जातील, राहायचं आपल्याला आहे. त्यांनीच मग सुचवलं की कुणाच्या घरातून आवाज आला तर ज्या बाईला तो ऐकू येईल तिनं नुसतं जाऊन दार वाजवायचं आणि काहीतरी मागायचं. हळद, साखर, सुईदोरा, काहीही. घरात काय चाललंय हे विचारायचं नाही, कुणाला उपदेश करायचा नाही. पाच मिनिटांनी दुसरीनं जायचं, मग तिसरीनं. मला ते पोरखेळासारखं वाटलं होतं. पण दारात वाटी घेऊन शेजारीण उभी असताना हात उगारलेला ठेवणं पुरुषांना जमायचं नाही. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. वर्षभरात गावातल्या पुरुषांनाही कळलं की ही हळद कसली आहे, तरी ते चालत राहिलं.

जिच्याबद्दल हे सांगतेय, ती त्या गटात यायची. सव्वीस वर्षांची होती. निवट्यांची आणि चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या माशांची नि खेकड्यांची, पाटी घेऊन सकाळी माजिवड्याच्या सोसायट्यांमध्ये फिरायची, दुपारी मीटिंगला येऊन दाराजवळ बसायची. फार बोलायची नाही. नवऱ्याच्या घरची होडी कधीच विकली गेली होती, खाडीत तसं काही उरलंही नव्हतं. तो टेम्पो चालवायचा. सासू घरीच असायची.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवताना रक्त तपासतात तसं तपासलं. पुढच्या बुधवारी सगळ्या निघून गेल्यावर ती माझ्याबरोबर सतरंजी घडी करायला थांबली. सतरंजीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. तेव्हा ती म्हणाली, "बाई, माझा रिपोर्ट तसला आलाय."

तोवर मी अशा बऱ्याच बायकांबरोबर बसले होते. काय बोलायचं ते मला पाठ होतं आणि ते खोटंही नव्हतं. रोज एक गोळी घेतली तर बाळ बिनधोक होऊ शकतं, तू म्हातारी होईपर्यंत जगू शकतेस, हे मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर गेले. गोळ्या सुरू झाल्या. घरी तिनं त्या लोहाच्या आहेत म्हणून सांगितलं. गरोदर बाईला अशा गोळ्या असतातच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. उलट सासूच रोज जेवणानंतर पाण्याचा तांब्या समोर ठेवून गोळी घेतलीस का विचारायची.

राहिला नवरा. त्याची तपासणी व्हायला हवी होती, आणि त्यासाठी तिनं त्याला सांगायला हवं होतं. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही असा नियम होता. बाईनं घरी सांगण्याआधी एक फॉर्म भरायचा असे. त्यात एक प्रश्न होता: घरी सांगितल्यास इजा होण्याची भीती वाटते का? मी तो वाचून दाखवला.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "त्याना हात उचलायची सवय नाय."

मी 'नाही' या चौकटीत खूण केली. त्या दिवसातला तो माझा सहावा फॉर्म होता. डोकं दुखत होतं. सवय नाही म्हणजे भीती नाही असं होत नाही, हे मला ठाऊक होतं. प्रशिक्षणात मी स्वतः नव्या मुलींना हेच शिकवायचे की बाई थांबली तर आपणही थांबायचं, पुन्हा विचारायचं. मी थांबले नाही. सांगून टाक, लवकर सांगितलेलं बरं, असं म्हणाले.

तिनं शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याला सांगितलं. पुढचं मला शेजारणींकडून कळलं. पहिली हळद मागायला गेली. त्यानं अर्धं दार उघडलं, नाही म्हणाला आणि लावून घेतलं. आतला आवाज थांबला नाही. दुसरी गेली, त्यानं दार उघडलंच नाही. मग तिघी-चौघी एकदम जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा सासूनं आतून कडी काढली आणि सगळ्यांना आत घेतलं. त्या बायका तिथंच जमिनीवर बसल्या. सासूनं सुक्या जवळ्यानं भरलेलं सूप पुढ्यात ठेवलं आणि त्या दिवे लागेपर्यंत जवळा निवडत राहिल्या. तो मध्ये कधीतरी उठून बाहेर गेला. कारण काय, हे कुणीही विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी पोचले. तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, हातावर वळ होते. पोटाला त्यानं लागू दिलं नव्हतं की तिनं, कोण जाणे. दवाखान्यात तपासलं तर बाळ ठीक होतं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "तुम्ही सांग बोललात म्हणून मी सांगितलं."

तक्रारीचा सूर नव्हता. बाजारभाव सांगावा तसं तिनं ते सांगितलं. मी माफी मागितली. माझं चुकलं, मी पुन्हा विचारायला हवं होतं, असं म्हटलं. ती मानेनंच बरं म्हणाली. तक्रार द्यायची का, माहेरी जायचं का, तेही विचारलं. या वेळी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती नको म्हणाली.

माझा सहकारी त्यानंतर दर रविवारी तिच्या नवऱ्याकडे जात राहिला. तो भेटायचा नाही. शेवटी एकदा सहकारी त्याच्या टेम्पोत शेजारी जाऊन बसला आणि भिवंडीपर्यंत गेला. समोर बघून गाडी चालवत असताना त्याला बोलणं सोपं गेलं असावं. पुढच्या आठवड्यात तो तपासणीला आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, आणि पुढच्या तपासण्यांवरून डॉक्टर म्हणाले की शरीराची आजाराशी लढायची ताकद बरीच खाली आलीय, औषध लगेच सुरू करा.

बाहेर बाकावर त्यानं मला विचारलं, "तिच्यापासून मला, का माझ्यापासून तिला?"

रिपोर्ट ते सांगत नाही, असं मी म्हणाले. तेच उत्तर द्यायचं असतं आणि ते खरंही आहे.

"मना माहीत हाय," तो म्हणाला. "लग्नाच्या आधीचं हाय माझं."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि त्याच्या बायकोचा डोळा माझ्या नजरेसमोरून जात नव्हता. मी म्हणाले, "हे मला नको सांगूस. तिला सांग." तो सांगतो म्हणाला. पुढे मी तिला विचारलं तेव्हा कळलं की सांगितलं नव्हतं.

मुलगी झाली. तिला सहा आठवडे औषध पाजायचं होतं आणि दीड वर्षापर्यंत थोड्या थोड्या महिन्यांनी तपासायचं होतं. त्यानं गोळ्या नेमानं घेतल्या, मुलीला खेळवलं, आठ महिने हात उचलला नाही. मी अहवालात त्यांच्या घराबद्दल, नाव न लिहिता, चार चांगल्या ओळी लिहिल्या. नवव्या महिन्यात जेवण वाढायला उशीर झाला म्हणून त्यानं तिला मारलं. बायका पुन्हा दाराशी गेल्या. या वेळी ती मुलीला कडेवर घेऊन त्यांच्याबरोबर बाहेर आली आणि परत आत गेली नाही. सासूनं कपड्यांची पिशवी आणून दिली. एव्हाना सासूलाही सगळं कळलेलं होतं. ती एवढंच म्हणाली, "गोल्या घेतल्यास ना?" गोळ्या पिशवीतच होत्या. त्या दिवशीच ती मुलीला घेऊन टिटवाळ्याला आईकडे गेली.

दीड वर्षाची शेवटची तपासणी कल्याणला झाली. नवरा निरोप मिळाल्यावर आला होता आणि लांब खांबाजवळ उभा होता. मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं मुलीचं तोंड पदरानं पुसलं, ते आधीच स्वच्छ होतं. मग त्याला हाक मारून मुलगी त्याच्याकडे दिली. मला आनंद झालाच, पण त्याहून जास्त झोप येत होती. घरी जाऊन मी संध्याकाळी पाचला झोपले ती सकाळी उठले.

त्यानंतर वर्षभरात प्रकल्प संपला. अंगणवाडीची किल्ली परत दिली. मीही तिथून सुटले, दुसरीकडे काही धरलं नाही. मावशी वारल्या. बाकीच्या बायका अजून दार वाजवायला जातात का, मला माहीत नाही. विचारायचं धाडस होत नाही.

तिचा फोन मात्र येतो. टिटवाळ्याच्या नव्या इमारतींमध्ये ती मासळी विकते. तो महिन्यातून दोनदा मुलीला भेटायला येतो, परत चल म्हणतो, ती बघू म्हणते. गेल्या महिन्यात तिनं शाळेच्या फॉर्मसाठी फोन केला. बापाचं नाव लिहू की नको, विचारत होती. मी सल्ला दिला नाही. तुला काय वाटतं, असं विचारलं आणि ती बोलेपर्यंत थांबले.

बराच वेळ मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"लिहिते," ती म्हणाली. "बाप हाय तो तिचा. घरी नाय जायचं, ते वेगलं."