दोरीपलीकडची वाट

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तळ्याकाठच्या पायवाटेवर तो रोज भेटायचा. सायकलला डबा लटकवलेला, कान गिरणीच्या भोंग्याकडे. काही दिवसांनी, चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सोय म्हणून त्या वाटेला सरकारी अनुदान मिळालं. शहाबादी फरशी बसली, बाकं आली. उद्घाटनाला मंत्र्यांना सवड नव्हती, म्हणून दोन्ही टोकांना दोरी बांधून सोय बंद ठेवली. भोंगा चुकला की याचा खाडा पडायचा. तो शेजारच्या बाभळींतून सायकल ढकलू लागला, मागून आम्ही सगळे. सहा महिन्यांत तिथे नवी वाट पडली.

"झकास वाट झाली की!" मी म्हणालो.

त्यानं दोरीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, सायेब. सरकारला कळलं तर हिलाबी अनुदान मिळंल."