घोंगडीतले पाहुणे

नव्या घोंगडीचा लोकरी वास आला की मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा क्रीडा समारंभ आठवतो. भारताकडून खेळलेले एक निवृत्त क्रिकेटपटू पाहुणे होते आणि त्यांचा परिचय मला वाचायचा होता. जतकडच्या आमच्या गावी मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून वडील माझं बोलणं ऐकायला आले होते, त्यामुळे काही चुकू नये एवढंच डोक्यात होतं. आमच्याकडे सत्काराला शालीऐवजी घोंगडी पांघरतात. ती पाहुण्यांच्या खांद्यावर घातली गेली आणि मी वाचायला लागलो. एप्रिलची दुपार, वर पत्रा, वीज गेलेली. मान वर करायची हिंमत नसल्याने मी लिहिलेलं सगळं वाचलं. पहिला सामना, शतकं, शून्यावर बाद झालेले डाव, गुडघ्याची शस्त्रक्रियासुद्धा. तिसऱ्या पानावर मागच्या रांगेतून वडिलांचा आवाज आला, "आरं, आदी त्येंची घोंगडी काढ. उन्हाळ्यात आमी मेंढरंबी कातरतो." सगळे हसले. मी पाहिलं तर पाहुणे घामाने निथळत होते. मानाची घोंगडी आपण होऊन कशी काढावी, या संकोचात बसले होते. ती मांडीवर घेत त्यांनी वडिलांना हात जोडले, "काका, खेळताना मला असा पंच मिळायला हवा होता." मला मात्र जमिनीत शिरावंसं वाटलं. परतताना एसटीत मी भीतभीत विचारलं, "आबा, कसं झालं?" ते म्हणाले, "लय ब्येस वाचलंस. पर खेळ थांबल्यावर त्यो मानूस करतो काय, ते न्हाई सांगितलंस." माझ्या कागदांत ते कुठेच नव्हतं. आता कुणाचाही परिचय लिहायचा असला की मी त्या माणसाला आधी तेच विचारतो.